ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल, नळजोड क्रमांक चुकू नये

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडकडच्या एका नगरात राहणारे, टॉवेल कारखान्यात हिशेब बघणारे गृहस्थ विचारतात: घरी तेलुगू, शाळा मराठी. नळाला पाणी चार दिवसांआड, तेही रात्री एक-दीडला, जेमतेम दोन तास. गेल्या वर्षी एका बैठकीत पुढाऱ्यांसमोर उठून बोलताना 'चार दिवसांआड'ऐवजी 'चार दिवस रोज पाणी येतंय' असं तोंडून गेलं. लोक हसले, 'मग नशीबवान आहात' म्हणत पुढाऱ्यांनी विषय बदलला. तेव्हापासून अर्ज लिहायचा आणि फाडायचा, एवढंच चाललंय. येत्या रविवारी नगरसेवक गल्लीत येणार आहेत. पूर्ण माहिती हातात नसताना बोलावं का, आणि परत चुकलं तर काय?

बोला. पूर्ण माहितीची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ती पाणीपुरवठा विभागातही एका माणसाकडे नसते. सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं: उजनीहून जलवाहिनीने, टाकळीला भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. कुठल्या टाकीत किती चढलं, कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवला, वीज किती वेळ गेली होती, हे सगळं वेगवेगळ्या टेबलांवर आणि बरंचसं व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्याच्या डोक्यात असतं. ते जुळवणं त्यांचं काम, तुमचं नाही. त्यांच्यापैकी कुणाकडेच नाही अशी एक माहिती मात्र तुमच्याकडे आहे: तुमच्या नळाला कुठल्या रात्री, किती वाजता, किती पाणी आलं. बोलण्याचा अधिकार तिथून येतो. शुद्ध मराठीतून किंवा पाइपच्या व्यासाच्या अभ्यासातून नाही.

आता हसण्याचं. त्या दिवशी तुम्ही नेमकं काय म्हणालात हे आज तुमच्याइतकं कुणालाच आठवत नसणार. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावून भरलेल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, किती जणांनी बघितला असेल? अंदाज यायचा जवळपास निम्म्यांचा. प्रत्यक्षात चित्र ओळखू शकले होते साधारण चौथाई. आपली चूक आपल्याला मोठी दिसते, कारण आपण तिच्या सगळ्यात जवळ असतो. परिपूर्णतेच्या हट्टाचे ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्याकडून अपेक्षा, आणि 'लोकांना माझ्याकडून बिनचूकपणाच हवाय' अशी समजूत. अर्ज फाडायला लावतो तो बहुतेक वेळा तिसरा. लोकांना तसं काही नको असतं. गल्लीतल्या बायकांना पाणी हवं असतं.

पुढाऱ्याच्या बाजूने बघा म्हणजे भीती निम्मी होईल. सकाळपासून त्यांच्यापुढे डझनावारी माणसं येऊन जातात: दाखला, बदली, सिव्हिलमधली खाट, लग्नाची पत्रिका. बाजूला स्वीय सहायक किंवा एखादा कार्यकर्ता वही घेऊन बसलेला असतो. तुम्ही तीन मिनिटं बोला नाहीतर तेरा, त्या वहीत तुमच्या नावाने एकच ओळ जाते. 'अमुक नगर, तिसरी गल्ली, पाणी, जे.ई. (म्हणजे कनिष्ठ अभियंता) पाठवणे, मोबाइल नंबर.' बोलायच्या तयारीचा सगळा अर्थ एवढाच की ती ओळ बरोबर लिहिली जावी. ओळ बरोबर गेली तर मधे तुम्ही अडखळलात का, 'ळ'चा 'ल' झाला का, याची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून काय चुकता कामा नये आणि काय चुकलं तरी चालतं, याची फाळणी आधी करून टाका. चुकू नये असं फार थोडं आहे. पहिलं, ठिकाण. नगराचं नाव सांगून भागत नाही. पूर्व भागात आणि हद्दवाढीत एकसारख्या नावांची नगरं बरीच, आणि 'भाग १', 'भाग २' गाळलं की अर्ज दुसऱ्याच विभागीय कार्यालयात जाऊन पडतो. जवळचं मंदिर, शाळा किंवा कारखाना लिहा आणि गल्लीच्या कुठल्या टोकाला ते लिहा. दुसरं, क्रमांक: पाणीपट्टीच्या बिलावरचा नळजोड क्रमांक आणि मिळकत क्रमांक. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कारकुनाला नोंदच सापडत नाही आणि अर्ज 'माहिती अपूर्ण' म्हणून बाजूला पडतो. बिलावरून उतरवा, आठवणीने लिहू नका, आणि दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तिसरं, तारखा. चौथी मागणी, तिच्याबद्दल पुढे येतंच. मोबाइल नंबरही तपासा. हसू नका, घाईत स्वतःचाच नंबर चुकवणारे कमी नाहीत.

बाकी सगळं चुकलं तरी चालतं. ऱ्हस्व-दीर्घ, अधिकाऱ्याचं नेमकं पद, खात्याचं पूर्ण नाव, योजनेचं नाव, कायद्याचं कलम. 'कार्यकारी अभियंता'ऐवजी 'मोठे इंजिनिअर साहेब' लिहिलं म्हणून कागद परत येत नाही. उलट कलमं टाकूच नका. चुकीचं कलम टाकलं की समोरच्याला नळाऐवजी कलमावर उत्तर द्यायची सोय होते.

तारखांचं थोडं जास्त सांगतो, कारण तुमची ती चूक तिथलीच होती आणि ती एकट्या तुमची नव्हती. 'चार दिवसांआड' हा शब्दच फसवा आहे. एकाच्या मते चौथ्या दिवशी, दुसऱ्याच्या मते मधे चार दिवस कोरडे, म्हणजे पाचव्या दिवशी. अधिकारी एक अर्थ धरतो, गल्ली दुसरा, आणि बैठकीत दहा मिनिटं त्यावरच जातात. हा शब्द सोडून द्या. '३ तारखेला आलं, मग ८ तारखेला, मग १३ला' असं म्हणा. तारखा उलट्या बोलता येत नाहीत, आणि जीभ अडखळलीच तर वही पुढे करता येते.

वही म्हणजे शाळेची एकरेघी पुरते. महिनाभराची असेल तर उत्तम, पण रविवारपर्यंत एक-दोनच पाळ्या मिळणार असतील तर तेवढ्याच लिहा. तारीख, पाणी सुरू झालं ती वेळ, बंद झालं ती वेळ, आणि एक बादली भरायला लागलेले सेकंद. बादली किती लिटरची हे आधी एक लिटरच्या बाटलीने भरून पक्कं करा, कारण दुकानदार सांगतो ते माप काठोकाठचं असतं. सुरुवातीला, तासाभराने आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत अशी तीनदा वेळ घ्या आणि सरासरी काढा, कारण दाब सारखा नसतो. शेजारी टिल्लू पंप लागले की तो पडतो. त्या वेळी गल्लीत मोटारी चालू होत्या का हेही लिहा, आणि तुमची चालू असेल तर तेही. अभियंता पहिला प्रश्न तोच विचारणार. लपवलेलं तिथे उघडं पडलं तर बाकी वहीही खोटी ठरते.

आता हिशेब, तो तर तुमचा रोजचा. समजा १५ लिटरची बादली सरासरी ६० सेकंदांत भरते. मिनिटाला १५ लिटर, दोन तासांत १,८०० लिटर. घरात पाच माणसं आणि पाणी पाच दिवसांनी, म्हणजे १,८०० भागिले २५: दरमाणशी दररोज ७२ लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेतला मापदंड आहे १३५ लिटर. आता मुद्दाम चूक करून बघा. बादली १५ची नसून १४ लिटरची निघाली तर आकडा ६७वर येतो. १८ची निघाली तर ८६. तिन्ही आकडे १३५च्या कितीतरी खाली आहेत आणि तिन्हींवर मागणी एकच राहते. हीच कसोटी प्रत्येक शंकेला लावा: हे चुकलं असं धरलं तर माझी मागणी बदलते का? बदलत नसेल तर ती गोष्ट आणखी तपासत बसू नका. बदलत असेल तर मात्र तपासल्याशिवाय तोंड उघडू नका. उदाहरणार्थ, पाणी फक्त तुमच्याच घरात कमी येतं की सगळ्या गल्लीत? फक्त तुमच्यात असेल तर दोष तुमच्या जोडणीत असू शकतो, आणि मागणी पूर्ण वेगळी होते. शेजारच्या तीन आणि पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाच्या दोन घरांत विचारून या. अर्ध्या तासाचं काम आहे.

मागणी ही समोरच्या माणसाला पुढच्या पंधरवड्यात करता येईल अशी हवी. 'शहराला रोज पाणी द्या' ही घोषणा झाली. नगरसेवक मान डोलावतील आणि पुढच्या गल्लीत जातील. 'आमच्यात पुढची पाळी असेल त्या रात्री कनिष्ठ अभियंत्यांना पाठवून शेवटच्या घराजवळचा दाब बघायला लावा, आणि काय दिसलं ते लेखी कळवा' ही मागणी झाली. ती छोटी वाटते, पण स्थळपाहणीचा अहवाल एकदा फायलीत गेला की व्हॉल्व्ह बदलणं, पाळीची वेळ हलवणं, लाइन टाकणं या पुढच्या मागण्यांना पाय फुटतात. एका भेटीत एकच मागणी. पाणी, गटार, दिवाबत्ती आणि कुत्री एका दमात सांगितली तर वहीत त्यातली सगळ्यात सोपी जाते.

भाषेचा संकोच सोलापुरात तरी बाळगू नये. विजापूर वेशीत दखनी, बाळीवेशीकडे कन्नड, साखर पेठेपासून पुढे तेलुगू, आणि सगळ्यांचं मराठी एकमेकांत कालवलेलं. पूर्व भागातून निवडून येणाऱ्याला तेलुगू कळतंच, आणि नाही कळलं तर शेजारी कळणारा उभा असतो. शब्द अडला तर तेलुगूत बोलून मोकळे व्हा आणि पुढचं वाक्य मराठीत घ्या. कुंभारीजवळच्या रे नगरची ३०,००० घरांची वसाहत विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या अशा असंघटित माणसांच्या मागणीतून उभी राहिली. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ला दिल्या गेल्या. त्यासाठी वर्षानुवर्षं जी माणसं रस्त्यावर उतरली त्यांचं व्याकरण कुणी तपासलं नव्हतं.

लेखी अर्ज मराठीत असावा, पण वाक्य छोटं ठेवा, एका ओळीत एक गोष्ट. एकच पान. डाव्या बाजूला चांगला चार बोटं समास सोडा. सुंदर दिसावं म्हणून नाही, तिथे शेरा पडतो म्हणून. समास नसेल तर शेरा अर्जाच्या पाठीमागे जातो आणि झेरॉक्समध्ये येत नाही. शेऱ्याशेऱ्यातही फरक असतो. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' म्हणजे काहीच नाही. 'कनिष्ठ अभियंता यांनी स्थळपाहणी करून ८ दिवसांत कळवावे' म्हणजे काहीतरी, कारण त्यात माणूस आणि मुदत आहे. नम्रपणे म्हणा, 'साहेब, कुणी आणि कधीपर्यंत, तेवढं लिहा की.' बहुतेक जण लिहितात. एक प्रत त्यांना, एक विभागीय कार्यालयात आवकला, आणि तिसरीवर पोच: शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही. नुसत्या सहीची पोच दोन महिन्यांनी कुणी ओळखत नाही.

मसुद्यासाठी कडक नियम ठेवा, नाहीतर फाडणं थांबणार नाही. पहिला कागद मनात येईल तसा. दुसऱ्यात वरच्या चार गोष्टी आहेत ना ते बघायचं आणि जास्तीचं खोडायचं. तिसरा कागद फाडायचा नाही, झेरॉक्सला न्यायचा. एकूण चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. चौथ्या मसुद्यात सहसा सुधारणा होत नाही. नुसती विशेषणं वाढतात आणि 'अत्यंत गंभीर', 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' असले शब्द शिरतात.

बोलणं दीड मिनिटाचं, साधारण दीडशे शब्दांचं. पाठ करायचं ते फक्त पहिलं वाक्य. सगळं पाठ केलं की एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते, आणि घाबरलेला माणूस तिथेच गप्प होतो. मोठ्याने तीनदा म्हणून बघा, त्यापेक्षा जास्त नको. हातात सुटा कागद धरू नका, तो थरथरतो आणि ते दिसतं. जाड पुठ्ठ्याची वही धरा. आतल्या पानावर चारच शब्द मोठ्या अक्षरात: 'ठिकाण, तारखा, ७२, जे.ई.' नमुना असा:

'नमस्कार साहेब, मी तिसऱ्या गल्लीतला, मारुतीच्या देवळाजवळचा. आमच्यात ३ तारखेला पाणी आलं, नंतर ८ला, रात्री एकला. दोन तास येतंय. बादलीने मोजलंय, माणशी दिवसाला सत्तरेक लिटर पडतंय. शेवटच्या दोन घरांत त्याहून कमी. पुढची पाळी १३ला आहे. त्या रात्री जे.ई. साहेबांना पाठवा, दाब बघू द्या आणि काय ते लेखी कळवा. अर्ज आणलाय, समासात लिहून द्या.'

यात 'सत्तरेक' मुद्दाम आहे. बोलताना गोल आकडा घ्या, नेमका अर्जात असू द्या. '७२.० लिटर' असं म्हणणाऱ्याशी दशांशावर भांडता येतं, 'सत्तरेक' म्हणणाऱ्याशी नाही.

परत जीभ घसरली तर? एकदाच, त्याच क्षणी, त्याच आवाजात दुरुस्त करा: 'उलटं बोललो. रोज नाही, पाचव्या दिवशी.' आणि थेट पुढच्या वाक्यावर जा. लोक हसले तर तुम्हीही हसा, काही बिघडत नाही. फक्त थांबू नका. माफी दोनदा मागू नका. दुसऱ्यांदा 'सॉरी' म्हटलं की विषय नळावरून तुमच्यावर येतो, आणि समोरच्याला तेच सोयीचं असतं. गेल्या वर्षी खरी गफलत जीभ घसरण्याची नव्हती. 'नशीबवान'नंतर तुम्ही खाली बसलात, ती होती. तिथे एक वाक्य हवं होतं: 'तसं असतं तर आलो नसतो साहेब, वही बघा.'

चूक घरी गेल्यावर लक्षात आली, तर त्याच दिवशी निरोप टाका, नगरसेवकांनाही आणि त्यांच्या माणसालाही: 'आज मी दोन तास म्हणालो. वहीप्रमाणे पावणेदोन तास. मागणी तीच. नळजोड क्रमांक अमुक.' तीन ओळी, स्पष्टीकरण नको. अशा निरोपाने पत कमी होत नाही. आपली चूक आपण होऊन कळवणारी माणसं त्या कार्यालयांनी फार थोडी बघितलेली असतात, त्यामुळे पुढच्या वेळी तुमचा आकडा तपासल्याशिवायच पुढे जाण्याची शक्यता वाढते.

टोलवाटोलवीची तयारी मात्र हवी. एक पुढारी तुमची बारीक चूक पकडून मोठ्याने दुरुस्त करतो: 'अहो, ते पाणी त्या टाकीवरून येतच नाही!' वाद घालू नका. 'बरं, मग कुठल्या? त्यांना तुम्ही सांगाल का?' दुसरा म्हणतो, मागच्यांनी काही केलं नाही. तुम्ही म्हणायचं, 'म्हणून तुमच्याकडे आलो,' आणि अर्ज पुढे करायचा. तिसरा, सगळ्यात नेहमीचा: 'बघतो.' त्यावर विचारा, 'कधी येऊ? सोमवारी की गुरुवारी?' 'येऊ का' विचारलं तर 'नको' येतं. दोन वार ठेवले तर त्यातला एक येतो. 'लेखी द्या' म्हणाले तर कागद हातात आहेच.

चार नगरसेवकांच्या प्रभागाची एक वेगळी गंमत आहे. २०१७च्या निवडणुकीत शहरात २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक होते, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघे असले की प्रत्येकाला वाटतं, हे त्या तिघांपैकी कुणाचं तरी आहे. अर्ज एकच करा आणि 'प्रति'मध्ये चौघांचीही नावं लिहा. प्रत्येकाला आपल्या नावाशेजारी बाकीच्यांची दिसली की हालचाल होते. आमदारांकडे जायची वेळ आली तर आधी मतदान ओळखपत्राच्या मागे मतदारसंघ बघा. शहर तिघांत विभागलंय: २४८ शहर उत्तर, २४९ शहर मध्य, आणि कडेचा काही भाग २५१ दक्षिण सोलापूर. रस्त्याच्या एका बाजूचा आमदार वेगळा असं होतं, आणि हे आधीच बघितलं तर एक हेलपाटा वाचतो. चुकीच्या दारात गेलात तरी जग बुडत नाही. 'हे कुणाकडे येतं?' एवढं विचारून निघा, तीही माहितीच.

ज्या चुका खरोखर महाग पडतात त्यांच्यापासून मात्र चार हात लांब राहा. 'अमक्याने पैसे खाल्ले' असं पुराव्याशिवाय नाव घेऊन म्हणू नका. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे. कामाबद्दल बोला: 'खोदलेला रस्ता अमुक तारखेपासून तसाच आहे.' लोक ज्याला अजून '३५३ लागेल' म्हणून घाबरतात ते जुन्या दंड संहितेतलं कलम आता नव्या संहितेत १३२ झालंय. ते सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळजबरी केल्याबद्दल आहे, प्रश्न विचारल्याबद्दल नाही. बाही ओढू नका, वाट अडवू नका, आवाज चढला तरी हात खाली ठेवा. आणि सामूहिक अर्जावर एकाच हाताने दहा सह्या ठोकू नका. ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. एकाने जरी 'ही माझी सही नव्हे' म्हटलं की उरलेल्या नऊही खोट्या ठरतात. सहा खऱ्या सह्या पुरेत, अंगठे असतील तर अंगठे, शेजारी घर क्रमांकासह.

रविवारी एकटे उभे राहू नका. पाचजण पुरे: एक बोलणारा, एक अर्ज देणारा, एक उत्तरं लिहून घेणारा आणि दोघी रात्री एकला उठून पाणी भरणाऱ्या. त्या दोघींना मागे ठेवू नका. तुमचा आकडा अडला तर 'दोन हंडे कमी पडले' हे त्या तुमच्यापेक्षा बरोबर सांगतील. विडी वळणाऱ्या असतील तर कारखान्यात माल द्यायची वेळ टाळूनच त्यांना बोलवा, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

वाट बघण्याचा तोटा वेगळाच असतो, तो दिसत नाही. महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. कुठल्या लाइनसाठी तरतूद ठेवायची हे त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत ठरत जातं. मार्चनंतर बिनचूक अर्ज घेऊन गेलात तर उत्तर मिळतं, 'पुढच्या बजेटला बघू.' आचारसंहिता लागली की नवीन काम सुरू करता येत नाही, मग कुणाची कितीही इच्छा असो.

रविवारनंतर दोन आठवड्यांत काही हललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा: 'दि. अमुकच्या आवक क्रमांक अमुक अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या नस्तीची प्रत द्यावी.' दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमात विषय एक आणि शब्द १५० ही मर्यादा आहे. लांबण लावणाऱ्याला ती वरदानच समजा. लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. तिथे फक्त वैयक्तिक तक्रार घेतात. म्हणून गल्लीचा अर्ज नेऊ नका, तुमच्या एका नळजोडाचा न्या.

राहिली ती बोलायची सवय. ती रविवारी एकदम येणार नाही, पण आजपासून तीन छोट्या गोष्टी करता येतील. विभागीय कार्यालयाला फोन करून एकच प्रश्न विचारा: 'आमच्या गल्लीची पुढची पाळी कधी?' काय बोलायचं ते लिहून न ठेवता. फोनआधी वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहा, काय वाईट होईल असं वाटतंय. फोननंतर खाली लिहा, काय झालं. उद्या तोच प्रश्न चावीवाल्याला समोरासमोर, तेलुगूत विचारलात तरी चालेल. परवा नगरसेवकांच्या माणसाला फोन करून रविवारची नेमकी वेळ विचारा, आणि त्या फोनमध्ये एखादा शब्द अडला तर तो तसाच अडू द्या, दुरुस्त करायला परत फोन करू नका. तिन्ही ओळींच्या जोड्या शनिवारी रात्री एकदा वाचा.

आणि बादली आजच मोजून ठेवा. पाणी रात्री एकला सुटलं की बाटलीने माप घ्यायला वेळ नसतो.